गाडीतलं ओझं

४ नोव्हेंबर

वन्सं,

नमस्कार-चमत्कार मागून करते, आधी बातमी ऐका. नोकरी लागली! रंगाच्या कारखान्यात, रंग जुळवणी विभागात. अकरा वर्षं हार्डवेअरच्या दुकानात डबे ढवळत उभी होते मी. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा खिशातून काढून 'अगदी अस्साच द्या' म्हणायचं आणि मी अस्साच द्यायची. ती वर्षं फुकट गेली नाहीत. परीक्षेला त्यांनी पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांचा ढीग टेबलावर ओतला आणि म्हणाले, लावा क्रमानं. लावल्या. वर सांगितलं, यातली एक पट्टी दोनदा आलीय. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेव्हाच मी ओळखलं, काम झालं!

फोन करणार होते, पण डॉक्टरांनी तुम्हाला तीन महिने अवाक्षर काढायचं नाही म्हणून बजावलंय. मी एकटीनंच बोलायचं आणि पलीकडून तुमचा श्वास ऐकायचा, त्यात काय मजा? म्हणून हा कागद.

आता गोम ऐका. कारखाना इथून अडुसष्ट किलोमीटर. रंग सकाळच्या उजेडात खरा दिसतो, म्हणून हा विभाग आठाला सुरू होतो, आणि पहिली बस तिथं पोचते साडेनऊला. म्हणजे गाडी आली. गाडी आली की तिचं खाणंपिणं आलं. खालचा न्हावी म्हणतो डिझेल घ्या. समोरच्या शिवणवाल्या बाई म्हणतात बॅटरीवरची घ्या, फुकटात पळते. न्हावी म्हणतो, हो, आणि बॅटरी संपली की फुकटात ढकलायची. दोघांनीही जन्मात सायकल घेतलेली नाही, पण जिन्यात त्यांचं कडाक्याचं भांडण झालं.

तुमच्या भावाला विचारलं तर ते म्हणाले, 'बघू.' तुम्ही त्यांचं नाव मुनी ठेवलंत ते उगाच नाही. दोन दिवसांनी अख्खं एक वाक्य बोलले. पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त जर रस्त्यातच जळणार असेल, तर तिकडं खोली घे आणि शनिवारी घरी येत जा. हिशेब बरोबर आहे हो, पण मला नको आहे तो. घर इथं, त्यांची ट्रकच्या वजनकाट्यावरची नोकरी इथं, आणि मी तिकडं एका खाटेवर? अठरा वर्षांचा संसार काय शनिवार-रविवारवर आणायचा? वीस तारखेला रुजू व्हायचंय, मग तीन महिने नोकरी कच्ची, पुढे पक्की. तोवर काहीतरी जमवायलाच हवं. तुम्ही जन्मभर जुन्या वस्तूंचा लिलाव पुकारलात, तुम्हाला कळेल. कुठली गाडी घेऊ?

तुमची वहिनी


११ नोव्हेंबर

वहिनी,

शाब्बास गं माझी बाई! पत्र वाचून मी ओरडणार होते, तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात आमचे हे धावत आले आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. घसा बरा होईपर्यंत यांचं राज्य आहे. गळ्यात पाटी लटकवलीय, खडूनं लिहायचं. काल दूधवाल्याशी भांडताना माझा खडू संपला आणि तो जिंकला. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. जन्मजात मुनी माझा भाऊ, आणि मौन बघ कुणाच्या वाट्याला आलं!

आता कामाचं. नवी गाडी घेऊ नकोस. दुकानाच्या दारातून बाहेर पडताक्षणी तिची किंमत उतरते, हे वीस वर्षं रोज पाहिलंय मी. जुनी घे. बघायला जाताना तोंड असं कर की कुणीतरी तुला जबरदस्तीनं आणलंय. आवडली तर जांभई दे. विकणारा म्हणाला, 'डॉक्टरांची गाडी आहे, फारशी वापरली नाही,' तर समज की त्या डॉक्टरांनी घरोघर जाऊन रोगी तपासलेत. बॅटरीवरच्या गाडीचे लोक पल्ला सांगतात तो कागदावरचा असतो. तुला जाऊन-येऊन दीडशेच्या जवळपास पळायचंय, तेही दिवे लावून, आणि थंडीत तर बॅटरी लवकर उतरते. शिवाय तुम्ही तिसऱ्या मजल्यावर. वायर काय खिडकीतून सोडणार आहेस?

आणि खोलीबिली काही घ्यायची नाही. मी बसलेय ना! माझा आवाज गेलाय, डोकं नाही.

तुझी मुकी नणंद


२ डिसेंबर

वन्सं,

गाडी आली! पण कशी आली ते ऐका.

तुम्ही सांगितलंत तसं तोंड वाकडं करून गेले, पण माझे डोळे घात करतात. पहिली गाडी दाखवली, मी म्हटलं डावं दार नंतर रंगवलंय. दुसरी, बॉनेट बदललंय. तिसरीच्या छताकडे बघितलं आणि मी नुसतं 'अरेरे' म्हटलं. तो विक्रेता बिचारा सारखा म्हणत होता, 'बाई, सगळा एकच रंग आहे!' कुठला एकच! एका गाडीत तर मला तीन पांढरे दिसले. शेवटी हात जोडून म्हणाला, 'तुम्ही इंजिन बघा ना, सगळे इंजिन बघतात.' ते काम तुमच्या भावानं केलं. वाकून तासभर बघितलं आणि निकाल दिला, 'ठीक.'

शेवटी मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली एक मिळाली. लहान, पेट्रोलची, वर गॅसही बसवलेला. अंगावरचा एकूण एक इंच मूळ रंगाचा. का, तर तो रंग परत लावायची कुणाची छातीच झाली नसेल. उकडलेला बटाटा सोलून दोन दिवस ठेवला की जसा होतो, तसा. मी या रंगाला कारखान्यात नाव विचारलं. बाई म्हणाल्या, असा रंग आपण करत नाही.

पण वन्सं, ती गॅसवर काय पळते! पेट्रोलच्या निम्म्यात काम. मी वाटेत गात होते. आणि मग कळलं की गॅसच्या पंपावर रांग असते, आणि रांगेत माझ्यासारखेच हुशार लोक असतात. रांगेला थांबले तर आठ चुकतात, नाही थांबले तर पेट्रोल जळतं. पहिल्या आठवड्यात तीन दिवस रांग, तीन दिवस पेट्रोल. तिसरा हिस्सा केव्हाच मागे पडला. तुमच्या भावानं पावत्या बघितल्या, काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मी भांडले तरी असते!

काम मात्र असं आहे की काय सांगू. सकाळी उत्तरेच्या खिडकीतून उजेड येतो, टेबलावर दोन पट्ट्या असतात, आणि त्या एक होईपर्यंत कुणी मला हाक मारत नाही. मला ही नोकरी सोडायची नाही, आणि घरही. काहीतरी सुचवा.

तुमची वहिनी


९ डिसेंबर

वहिनी,

यात सुचवायचं काय? उत्तर तुझ्या पाठीमागेच आहे. गाडीला सीटा किती? भरलेली किती? एक! अगं, आमच्या धंद्यात रिकामी खुर्ची म्हणजे न आलेलं गिऱ्हाईक. तुझ्या वाटेनं जाणारी तीन माणसं शोध. भाडं घ्यायचं नाही हां, ते बेकायदा. फक्त जाळलेल्याची वाटणी. चार वाटे झाले की तुझा तिसरा हिस्सा कुठल्या कुठे जाईल.

मुन्याला एवढ्यात सांगू नकोस. परक्या माणसांबरोबर त्याला चहासुद्धा जात नाही. एकदा जमलं की पावत्या दाखवून त्याला चकित कर. त्याचंही पत्र आलं होतं मला, पाच ओळींचं. त्यात विशेष काही नाही.

चाकातली हवा दर आठवड्याला बघत जा, मऊ चाक जास्त पितं.

नणंद


१९ डिसेंबर

वन्सं,

विशेष काही नाही म्हणे! थांबा, सगळं क्रमानं सांगते. तुम्हाला बोलता येत नाही म्हणून तुम्ही वाचलात.

तीन माणसं मिळाली. एक दातांच्या कवळ्या बनवणारे काका, एक चित्रकलेच्या शिक्षिका, आणि एक बँकेतला, जो उभ्या उभ्या झोपतो. ठरलं, सोमवारी पहाटे सहाला कोपऱ्यावर. रविवारी तुमचे भाऊ दिवसभर गाडी घेऊन काट्यावर. मला वाटलं धुताहेत. मनात म्हटलं, काय हो हा माणूस, बोलत नाही पण करतो! संध्याकाळी भजी तळून—छे, तेवढंही सुचलं नाही, नुसता दोनदा चहा दिला.

सोमवारी काळोखात निघाले. कोपऱ्यावर तिघं उभे. कवळीवाले काका पुढे बसले. शिक्षिकाबाईंनी मागचं दार उघडलं आणि म्हणाल्या, 'अहो, बसायचं कशावर?' मी वळून बघते तर मागची सीट गायब! नुसता पत्रा. बँकवाला झोपेतच आत शिरला होता, तो सरळ खालीच बसला आणि म्हणाला, 'ऐसपैस आहे.'

आता माणसांना पत्र्यावर बसवून हमरस्त्याला नेता येतं का? पण काटा तिथून दोन गल्ल्या पलीकडे, आणि तुमच्या भावाची पहाटेची पाळी. मी रांगत रांगत गाडी तिथवर नेली. आणि काय दिसलं असेल? काट्याच्या केबिनबाहेर आमची मागची सीट भिंतीला लावून ठेवलेली, आणि तिच्यावर पाय पसरून तुमचे भाऊ चहा पिताहेत!

'ही माणसं कोण?' ते म्हणाले.

'ही माझी बचत!' मी म्हटलं. 'ती सीट का काढली?'

'ती माझी बचत.'

मग बाहेर आलं की गाडीतलं ओझं कमी केलं की जळण कमी लागतं. त्यांनी आधी जादा चाक काढलं, जॅक काढला, पायपुसणी काढली, आणि गाडी काट्यावर चढवली. आकडा जागचा हलेना. हलणार कसा? तो काटा ट्रकचा. वीस-वीस किलोच्याच उड्या मारतो. पण यांचा काट्यावर देवापेक्षा जास्त विश्वास. आकडा हलला नाही म्हणजे वजन उतरलंच नाही! म्हणून सीट काढली. आकडा वीसनं उतरला. मग यांना समाधान झालं.

'हे कुणाच्या डोक्यातून आलं?' मी विचारलं. ते म्हणाले, 'ताईच्या.' त्यांनी विचारलं, 'आणि ही माणसं?' मी म्हटलं, 'ताईंच्याच!'

मागं सात ट्रक हॉर्न वाजवत होते. कवळीवाले काका इतके हसले, इतके हसले, की त्यांची स्वतःची कवळी हातात घ्यावी लागली. मीही हसले असते. पण तेवढ्यात ते म्हणाले, 'रोजची ही तारांबळ. त्यापेक्षा खोली घे.' सगळ्यांसमोर, आणि अगदी शांतपणे. मला ते फार लागलं.

त्या दिवशी मी नऊला पोचले. संध्याकाळी त्यांनी मुकाट्यानं सीट परत बसवली, पण तोवर माझी माणसं बसच्या पासला पैसे भरून मोकळी झाली होती. काल काम सुटल्यावर मी कारखान्यामागे एक खोली बघून आले. खाट आहे, आणि खिडकीसमोर भिंत. तिचा रंग मी मुद्दाम बघितला नाही.

वहिनी


२६ डिसेंबर

वहिनी,

कान पकडते. पाटीवर 'मी गाढव आहे' असं लिहून सकाळपासून गळ्यात घालून हिंडतेय, आमच्या ह्यांनी पुसू दिलेलं नाही. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठं पाप कुठलं माहितेय? एकच वस्तू दोघांना विकायची. मी ते केलं. त्यानं विचारलं, जळण कमी कसं होईल, तर मी लिहिलं, फालतू ओझं काढ. तू विचारलंस, तर लिहिलं, माणसं भर. दोघांनाही वर 'सांगू नका' म्हणाले, कारण मला वाटलं दोघंही एकमेकांना चकित कराल. केलंत म्हणा!

पण बाई, माझ्या मूर्खपणापायी तू खोली घेऊ नकोस. माझी शपथ आहे.

तुझी गाढव नणंद


२६ डिसेंबर

मुन्या,

हे पत्र तुला आहे, बायकोला दाखवू नकोस. खोली घे म्हणालास? तुला ती घरात नको आहे का? तसं नसेल, तर तिला तसं सांग की! लहानपणी तू बोलायचा नाहीस म्हणून तुझ्या वाटचं मी बोलायचे. आता माझ्यानं बोलवत नाही. या वेळी तुझं तुलाच बोलावं लागेल. तुझ्या शांतपणाचा अर्थ ती काय लावत असेल, कधी विचार केलायस?

ताई


२२ जानेवारी

वन्सं,

तुमची शपथ मोडावी लागणार असं दिसतंय. पुढच्या महिन्यात नोकरी पक्की होईल असं बाईंनी सांगितलं. मी वर बघून हसले आणि खाली बघून रडले. पावत्या तिथंच आहेत. शिक्षिकाबाई आणि कवळीवाले काका परत यायला तयार आहेत, पण पासाचे महिने संपल्यावर. बँकवाला बसमध्ये झोपायला सोकावलाय, तो येणार नाही. दोघांच्या वाट्यानं तिसऱ्या हिश्शाच्या काठावर येते, खाली येत नाही. खोलीवालीला शनिवारी पैसे द्यायचेत.

आणि तुमच्या भावाचं काय चाललंय कळत नाही. गुरुवारी रजा घेतली. वीस वर्षांत ताप असतानाही घेतली नव्हती! दोनदा दाढी केली. लग्नातला शर्ट शोधत होते, मी विचारलं कुठं, तर 'काम आहे.' संध्याकाळी आले ते घसा बसलेला. मला वाटतं, खोलीवालीशी घासाघीस करून आले. म्हणजे मला घालवायची तयारी त्यांचीच पुरी झालीय. मी काही विचारलं नाही. आता मीही मुनी झालेय.

वहिनी


८ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या पत्राचं उत्तर उशिरा देतोय. आधी काम केलं.

तिच्या कारखान्यात पावडरीचे ट्रक येतात. त्यातले काही आमच्या काट्यावरून जातात. एका ड्रायव्हरनं सांगितलं, तिथला काटेवाला निवृत्त होतोय. गुरुवारी जाऊन भेटलो. तिथं पाऊण तास बोलावं लागलं. घसा बसला. त्यांनी घेतलं.

इथल्या मालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, वीस वर्षांचा काटा सोडून तिथं नवा माणूस म्हणून बसणार? मी म्हटलं, काटा कुठलाही असो, शून्य तेच असतं.

तिला शुक्रवारी सांगितलं. खोलीचे पैसे पाकिटात घालत होती. मी म्हटलं, ते राहू दे, सोमवारपासून मीही येतोय. ती म्हणाली, कुठं? मी म्हटलं, गाडीत. मग ती बराच वेळ रडली आणि मध्ये मध्ये मला मारत होती. खोली घे असं मी हिशेबानं म्हटलं होतं. तिला काय वाटलं ते तेव्हा समजलं. मी चुकलो असं तिला सांगितलं. तुलाही सांगतो.

आता दोन पगार आणि एक गाडी. मागे काका आणि शिक्षिकाबाई. जळण तिसऱ्या हिश्शाच्या बरंच खाली आलंय. माझं ब्याऐंशी किलो वाढलं, त्यामुळे जरा जास्त लागतं. ते मी धरलंय.

एक गोष्ट लिहायची होती. ती गाडी चालवताना बोलते. जाताना दीड तास, येताना दीड तास. रस्त्यातल्या प्रत्येक भिंतीचा रंग कुठं चुकलाय ते सांगते. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करते. अकरा वर्षं ती संध्याकाळी घरी येऊन जेवण करायची आणि मी पेपर वाचायचो. ती एवढी हसवते हे मला माहीत नव्हतं. मागचे दोघं तर उतरायलाच तयार नसतात.

काल मी तिला म्हटलं, जरा हळू चालव. ती म्हणाली, 'का हो, हळू चालवलं की गॅस वाचतो म्हणून?'

मी हो म्हटलं.

मुनी